दोन डॉक्टर आणि एक कंबर

कमठाण्याचे श्रीमंतअण्णा उभ्या हयातीत फारसे बसलेच नव्हते. बिदरच्या डेपोत कंडक्टर होते. खच्चून भरलेल्या गाडीत, खड्ड्याखड्ड्याला हिंदकळत, तिकिटं फाडण्यात त्यांचं आयुष्य गेलं. मराठी, कन्नड, दखनी, ज्याला जी भाषा कळेल तीत ते ओरडायचे. असा माणूस निवृत्तीनंतर खाटेला लागला, हे त्यांच्या बायकोला, राजूबाईला, बघवत नव्हतं.

साखर आणि बीपी तर नोकरीतच मागं लागलेले. पुढं हृदयात स्टेंट बसला. आणि आता कंबर. सकाळी कूस बदलताना अण्णांच्या तोंडून 'आई गं' निघायचं. हाडांचे डॉक्टर रत्नपाल यांनी कमरेला पट्टा दिला आणि सांगितलं, "आराम करा." साखरेच्या डॉक्टर विभाबाई दर खेपेला सांगायच्या, "रोज चाला." दोघं बिदरचेच, दवाखानेही एकाच रस्त्यावर; पण एकाचं सांगणं दुसऱ्याच्या कानावर कधी गेलं नाही.

अण्णांनी आरामच धरला. डेपोतला एक ड्रायव्हर कमरेपायी अंथरुणाला खिळलेला त्यांनी पाहिला होता. ती भीती मनातून जात नव्हती.

"अवो, दारापत्तर तरी चला की," राजूबाई म्हणायची.

"चाललो आन् कंबर कायमची गेली तर? तू उचलनार हाईस का मला?"

उचलतच होती ती. न्हाणीपर्यंत धरून न्यायची, पट्टा बांधायची, दुखणं वाढलं की दुकानातून गोळी आणायची. अण्णांचे पाय काटकुळे झाले, पोट सुटलं, आणि कंबर होती त्याहून जास्त दुखायला लागली. शेजारणी म्हणायच्या, वय झालं, चालायचंच. राजूबाई मान हलवायची आणि मोरीत तोंड धुवायच्या निमित्तानं रडून घ्यायची.

आंब्याच्या दिवसांत साखर तपासायला दोघं बिदरला गेली. साखर भलतीच वाढली होती. विभाबाई चिडल्या.

"अण्णा, चालायला जात का नाही तुम्ही?"

राजूबाईचा बांध फुटला.

"डॉक्टरबाई, तुमी म्हनता चाला, त्ये डॉक्टर म्हनत्यात पडून ऱ्हावा. मानूस येकच हाय की! साखर हिकडं, कंबर तिकडं, आसं वाटून घेतलाव व्हय तुमी? लावा त्यानला फोन. हितंच, आमच्यासमोर."

विभाबाईंनी खरंच फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"आराम?" पलीकडून रत्नपाल म्हणाले. "मी आठवडाभर सांगितलेला. कधीची गोष्ट ही?"

"दिवाळीच्या आधीची!" राजूबाई ओरडली.

रत्नपाल हळू आवाजात म्हणाले, "चुकलं माझं. नीट समजावून सांगायला पाहिजे होतं. अण्णा, तुमच्या कमरेच्या एक्स-रेत भ्यायसारखं काही नव्हतं. झिजलंय, पण मोडलेलं नाही. पडून राहिल्यानंच कंबर जास्त दुखायलीय."

अण्णांनी डोळे पुसले. मग हसू लागले, आणि हसता हसता कंबर धरून म्हणाले, "आगं, दुखायलंय की हसल्यानं!" विभाबाईही हसल्या.

दोघा डॉक्टरांनी मिळून ठरवलं. दुकानातल्या दुखण्याच्या गोळ्या बंद, कारण त्यांच्यामुळं बीपी वाढतं आणि किडनीवर ताण येतो. पट्टा हळूहळू सोडायचा. चालणं थोडं थोडं वाढवायचं, दम लागला की थांबायचं. पायाला मुंग्या आल्या, जोर गेला, तर लगेच यायचं.

पहिल्या दिवशी अण्णा शिवय्याच्या किराणा दुकानापर्यंत गेले आणि तिथल्या बाकावर घामाघूम होऊन बसले. कंबर ठणकत होती. पण रात्री झोप लागली त्यांना. दुसऱ्या दिवशी स्वतःच चपला शोधू लागले.

कंबर अजून दुखते. ढग आले की जास्तच. पण न्हाणीत ते एकटे जातात, आणि साखरही उतरणीला लागलीय.

श्रावणात राजूबाई कितीतरी महिन्यांनी निंबर्ग्याच्या बहिणीकडं निघाली. अण्णा बिदरच्या स्टँडवर सोडायला आले आणि नव्या कंडक्टरला कन्नडमध्ये बजावून तिला खिडकीची जागा मिळवून दिली.

"औषिदं येळेवर घ्या," ती खिडकीतून म्हणाली.

"घेतो गं. तू जा निवांत."

गाडी वाटेतल्या हुमनाबादला पोचायच्या आतच राजूबाईला गाढ झोप लागली होती.