वहिनीने घेतलेली वॉरंटी

भाव करण्यात आमच्या घरात माझा हात कुणी धरणार नाही, असा माझा बरीच वर्षं समज होता. बुलढाण्याच्या आठवडी बाजारात मी कोथिंबिरीची जुडी घेताना सुद्धा समोरच्याला घाम फोडतो. बायको अशा वेळी चार पावलं पुढे जाऊन उभी राहते, जणू ती माझ्यासोबत आलेलीच नाही. त्यामुळे दादाच्या गाडीची वॉरंटी वाढवून घ्यायची वेळ आली आणि वहिनीने मला फोन करून बोलावलं, तेव्हा मला काहीच नवल वाटलं नाही. शाळेतून मी रजा टाकली, मोबाइलवर दोन-तीन व्हिडिओ पाहून ठेवले आणि मोठ्या तोऱ्यात गावी गेलो.

दादा माझा सख्खा मोठा भाऊ. अमडापूरपासून चार किलोमीटर आत आमचं गाव आहे. मी मास्तरकीसाठी बुलढाण्याला आलो, तो शेतीवर राहिला. गाडी त्याने हौसेने घेतली होती, पण वर्षभरातच त्याच्या किडन्या निकामी झाल्या आणि तेव्हापासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी खामगावला डायलिसिस मागे लागलं. गाडी वहिनी चालवते. पंचेचाळिसाव्या वर्षी शिकली. शिकवायला मीच बसलो होतो. तिसऱ्या दिवशी मी ओरडलो, तर तिने गाडी बांधावर थांबवली, मला शांतपणे खाली उतरवलं आणि पुढचं एकटीच शिकली. आता खामगावच्या रस्त्यातला खड्डा न् खड्डा तिला पाठ आहे.

गाडी बंद पडली तर डायलिसिस चुकणार, आणि ते चुकलं की दोन दिवसांत दादाचे पाय सुजतात, धाप लागते. कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी संपायला पंधरा दिवस उरले होते.

पण खरी काळजी गाडीची नव्हतीच. दादा स्वतःच टाळाटाळ करायला लागला होता. "आज राहू दे, शुक्रवारी पाहू," असं दर दोन आठवड्यांनी एकदा तरी व्हायचं. चार-चार तास सुया टोचून पडून राहायचा त्याला वीट आला होता, आणि मला वाटतं, एकूण जगण्याचाच आला होता. अकोल्याच्या डॉक्टरांनी मला आणि वहिनीला बाहेर बोलावून सांगितलं होतं की हृदयही थकलंय, वर्ष-दीड वर्ष नीट गेलं तरी खूप समजा, पण तेवढ्यासाठीही एक खेप चुकता कामा नये. दादाला आम्ही हे सांगितलं नव्हतं. तो काही दूधखुळा नव्हता.

आम्ही निघालो तेव्हा तो ओसरीत खाटेवर पडून होता. म्हणाला, "एकाच वरसाची घ्या व. जास्तीची कायले? मले का शंभर वरसं फिराचं हाये?"

वहिनीने खुंटीवरची चावी काढली आणि ती बाहेर पडली.

खामगावच्या शोरूममध्ये काउंटरवर एक पंचविशीची मुलगी होती. तिने आमच्यासमोर एक चकचकीत कागद ठेवला: एक वर्ष, दोन वर्षं, तीन वर्षं, प्रत्येकाची किंमत. "एका वर्षाचं बोला," मी म्हणालो आणि सुरू झालो. अकोल्यात यापेक्षा स्वस्त मिळतं म्हणालो. एवढ्यात तर दोन टायर येतात म्हणालो. दोनदा खुर्चीवरून उठलो, दारापर्यंत जाऊन परत आलो. ती बिचारी मॅनेजरच्या केबिनमध्ये तीन खेपा घालून आली आणि शेवटी आठशे रुपये कमी झाले, वर एक धुलाई फुकट. मी वहिनीकडे अशा नजरेने पाहिलं की आता हिने माझी दृष्टच काढावी.

वहिनीने चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला.

"ताई," ती त्या मुलीला म्हणाली, "भाव समजला. आता कटती सांगा."

मुलीला काही कळेना. मला मात्र कळलं, आणि आपण हे कसं विसरलो म्हणून मी कपाळाला हात लावला. दादा आजारी पडल्यापासून सोयाबीन विकायला बाजार समितीत वहिनीच जाते. तिथे हर्राशीत, म्हणजे लिलावात, भाव पुकारतात तो नुसता कानाला गोड. खरा व्यवहार पुढे असतो: ओलाव्याचे इतके कापले, मातेऱ्याचे इतके, डागी दाण्याचे इतके. घरी काय येणार हे भावावर नाही, कटतीवर ठरतं. पहिल्या वर्षी ती भाव ऐकून खूश झाली आणि हिशेबाची पट्टी हातात आल्यावर रडली. दुसऱ्या वर्षापासून ती व्यापाऱ्याला आधी एकच विचारते, काय काय कापशील ते सांग, भाव नंतर.

"म्हंजे हे पहा," तिने मुलीला समजावलं, "यात काय काय भेटते ते तुमी मोठ्या अक्षरात लिहेल हाये. काय भेटत नाई, ते सांगा."

मुलीने एक बारीक अक्षरातलं पुस्तक काढलं. वहिनीने एकेक ओळ तिच्याकडून वाचून घेतली. क्लच प्लेट नाही, ब्रेकचे पॅड नाहीत, बॅटरी नाही, रबराचं काहीच नाही.

"अन् उंदरायनं वायर कुरतडली तं?"

"ते नाही येत काकू."

"बरं झालं सांगतलं. आता गाडी सोयाबीनच्या कोठ्यापासून दूर लावीन."

त्यावर ती थांबेल असं मला वाटलं. ती म्हणाली, "जो मिस्तरी गाड्या खोलते, त्याले दोन मिनिटं बोलवता काय?" आतून काळ्या हातांचा एक माणूस आला. वहिनीने त्याला बसायला खुर्ची दिली, जी मी अडवून बसलो होतो, आणि विचारलं, "भाऊ, ह्या गाडीचं चार-पाच वरसानं काय काय जाते?" माणूस आधी केबिनकडे पाहू लागला. मग म्हणाला, एसीचा कॉम्प्रेसर जातो, स्टेअरिंग आवाज करतं, पुढचं सस्पेन्शन बसतं. वहिनीने तिन्ही गोष्टी पुस्तकात शोधायला लावल्या. दोन होत्या. सस्पेन्शनमधलं लोखंड होतं, त्यातलं रबर नव्हतं. "चालते," ती म्हणाली. दहा मिनिटांत तिला त्या वॉरंटीची जेवढी माहिती झाली तेवढी मला तीन व्हिडिओ पाहून झाली नव्हती.

मुलीने कॉम्प्युटर उघडला. "सर्व्हिसिंग सगळी कंपनीतच झाली ना?"

इथे मी टेबलावरचा चकचकीत कागद उगाच वाचायला घेतला. कारण मधली एक सर्व्हिसिंग मी करवून आणली होती, आणि ती बुलढाण्याला माझ्या ओळखीच्या मिस्तरीकडे. आपल्याकडे ओळख असली की माणसाला कंपनी, नियम, शिक्का सगळं फालतू वाटतं. 'आपलाच माणूस आहे' या तीन शब्दांवर आम्ही गाडीच काय, ऑपरेशनसुद्धा करून घेऊ. बाहेर काम केलं तर वॉरंटीला बाध येतो हे मला व्हिडिओत पाहिल्यावर कळलं होतं, आणि मी ते पोटात ठेवलं होतं.

"हो, सगळी इथेच," मी ठोकून दिलं.

"नाई," वहिनी म्हणाली. "एक बाहेर झाली. आमची चूक हाये."

मी खोकलो. नुसता खोकलो नाही, खोकून खोकून डोळ्यांत पाणी आणलं. तिने माझ्यासमोर पाण्याचा पेला सरकवला आणि त्या मुलीशी बोलत राहिली. "तुमी आज इकसान. उद्या गाडी बंद पडली का कॉम्प्युटरमधी पाहून वांदा काढसान. त्यापेक्षा आजच काढा."

मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "भाऊजी, ओल्या सोयाबीनचा कट्टा खाली दडवला तं व्यापारी अख्ख्या गाडीचा भाव पाडते. आपनच वर ठेवला तं एकाच कट्ट्याचे कापते." ती सर्व्हिसिंग बाहेर मी करवली होती, हे तिने तिथे कुणालाच सांगितलं नाही. आजतागायत घरातही कुणाला सांगितलेलं नाही.

हे ऐकून मॅनेजर स्वतः बाहेर आला. चाळिशीतला, चेहऱ्याने कंटाळलेला माणूस. म्हणाला, असं कुणी आपणहून सांगत नाही. गाडी रॅम्पवर चढवली, पाऊण तास तपासली. इंजिन ठणठणीत होतं. वहिनीने फॉर्मच्या मागे लिहून घेतलं की बाहेरची एक सर्व्हिसिंग माहीत असून, गाडी तपासून, वॉरंटी दिली. खाली सही घेतली आणि शिक्का पुसट उमटला म्हणून दुसऱ्यांदा मारायला लावला.

मॅनेजर खूश होता. "काकू, तुमच्यासाठी सूट आठशेची दोन हजार करतो," तो म्हणाला. मी हात जोडणारच होतो, तेवढ्यात वहिनी बोलली.

"सूट राहू द्या. मले दोन वार पायजे."

"म्हणजे?"

"मंगयवार अन् शुक्रवार. गाडी कवाही बिघडली, तुमच्याकडं अटकली, तं ह्या दोन दिवशी दुसरी गाडी द्या."

"कंपनीची अशी स्कीम नाही."

"कंपनीले नाई, तुमाले म्हनून राह्यली. घरचा मानूस डायलिसिसवर हाये."

मॅनेजरने खिशातलं पेन काढलं. मग त्याने त्याच कागदावर शिक्क्याखाली ते दोन वार लिहिले आणि स्वतःचा मोबाइल नंबर टाकला. इकडे माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. एवढी ओरडून मिळवलेली सूट हिने अशी हातची घालवली! तेव्हा मला त्या दोन वारांची किंमत कळली नाही, हे मी कबूल करतो.

"मग एका वर्षाचं बिल करू?" मुलीने विचारलं.

"हो, एक," मी म्हणालो.

"जास्तीत जास्त कितीचं भेटते?" वहिनीने विचारलं.

"तीन वर्षं."

"तीन करा."

मी तिच्याकडे झुकून हळूच म्हणालो, "वहिनी, डॉक्टर काय म्हणाले ते..."

तिने पिशवीतून पैसे काढत माझ्याकडे पाहिलंही नाही. "डॉक्टरनं त्याचं काम केलं, भाऊजी. मी माह्यं करतो."

मला माझी लाज वाटली. आल्याबरोबर 'एका वर्षाचं बोला' म्हणणारा मीच होतो. दादाने सांगितलं म्हणून तसं म्हणालो, अशी मी मनाची समजूत घालत होतो, पण ते खरं नव्हतं. मी मनातल्या मनात हिशेब करून मोकळा झालो होतो. सख्ख्या भावाला मी एक वर्ष देऊन टाकलं होतं, आणि त्यातही आठशे रुपये वाचवले म्हणून फुशारत होतो. परतीच्या रस्त्यात मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. वहिनी खड्डे चुकवत होती.

घरी आल्यावर तिने ते बारीक अक्षरातलं पुस्तक आणि कागद दादाच्या खाटेवर ठेवला. त्याने तो डोळ्यांजवळ धरून वाचला.

"तीन वरसं? तुले एक सांगतलं होतं न."

"भरून टाकले पैसे. वापस भेटत नाईत, मी इचारलं."

"अव पन कोनासाठी?"

वहिनी कमरेवर हात ठेवून त्याच्यासमोर उभी राहिली. "तुमच्यासाठी. ह्या हातानं मी सोयाबीन सोंगलं, ह्याच हातानं इकलं, त्याचे पैसे हायेत. आता तीन वरसं गाडीत बसा अन् वसूल करा. वाया गेलेले मले चालाचे नाईत."

दादा असा माणूस की शेवटच्या वेचणीतलं अर्धं उघडलेलं बोंडही झाडावर सोडत नाही. ताटात शीत टाकलं तर आम्हा भावंडांना त्याने लहानपणी रडेपर्यंत बोलून घेतलंय. त्याच्याशी जगण्याबद्दल आम्ही सगळ्यांनी बोलून पाहिलं होतं. मी बोललो होतो, त्याची मुलगी बोलली होती, एक महाराजही येऊन बोलून गेले होते. तीस वर्षं सोबत काढलेल्या बाईने मात्र बरोबर कुठे बोट ठेवायचं ते ओळखलं. त्याने कागद उलटा केला, मागचं सगळं वाचलं, पुस्तकही चाळलं आणि एवढंच विचारलं, "रबर काऊन नाई यात?"

पुढे सहा महिन्यांनी एका गुरुवारी स्टेअरिंग बिघडलं. कागदावर शिक्का होता, त्यामुळे वांदा निघाला नाही. शुक्रवारी सकाळी मॅनेजरने स्वतःची गाडी पाठवली. दादा अर्धा तास उशिरा पोचला, पण पोचला. त्या दिवशी मी वहिनीला फोन करून दोन हजारांची सूट घालवली म्हणून मनात चिडलो होतो, त्याची माफी मागितली. ती म्हणाली, कोनती सूट?

गेल्या मंगळवारी मी गावीच होतो. वॉरंटीचं दुसरं वर्ष अर्धं सरलंय, आणि डॉक्टरांनी सांगितलेलं दीड वर्षही. सकाळी सहाला हॉर्नच्या आवाजाने मी उठून बाहेर आलो. वहिनी अजून चुलीपाशी चहा गाळत होती. अंगणात दादा कधीचाच गाडीत जाऊन बसला होता, मफलर गुंडाळून, पट्टा लावून, आणि बाजूच्या सीटवरून हात लांबवून हॉर्न दाबत होता.

"अव चाल न लवकर," तो खिडकीतून ओरडला. "दीड वरीस वसूल कराचं राह्यलं अजून!"