एक धागा जाळून बघा

देवराज मोहल्ल्यातल्या दत्तोजीराव टेलरांच्या मशीनवर कायम एक काडेपेटी असते, आणि ते विडीला शिवतसुद्धा नाहीत. ब्लाउजपीस हातात आला की त्यातला एक धागा ओढायचा, गिऱ्हाइकासमोर जाळायचा आणि मगच कापडाला कात्री लावायची, ही त्यांची वडिलांपासूनची रीत. खऱ्या रेशमाला जळक्या केसांचा वास येतो, राख बोटांत चुरते. खोटा धागा वितळतो आणि त्याची टणक काळी गोळी होते.

तीस वर्षं हे मशीन दामोदररावांच्या साडीच्या दुकानाच्या पायरीवर होतं. आत साडी घ्यायची, बाहेर ब्लाउज टाकायचा, अशी बायकांची सवय. पायरी दुकानाची, पण तिच्यावर पोट दत्तोजीरावांचं. मग दामोदरराव असल रेशमाच्या नावाखाली भलतंच खपवायला लागले. एके दिवशी नंजनगूडची एक बाई लेकीच्या लग्नाची साडी घेऊन बाहेर आली. दत्तोजीरावांनी काडी ओढली आणि धाग्याची गोळी झाली.

बाईचा आरडाओरडा ऐकून दामोदरराव धावत बाहेर आले.

"अय्यो दत्तोजी, सुम्ने गप शिव की! धागे जाळायला कोणी सांगितलं तुला?"

"शिवलं तर माझा पण हात लागला की हो त्या खोट्याला. आगल्ला, जमायचं नाही मला."

"मग पायरी सोड."

"सोडली!"

साठी उलटलेला माणूस, घरी बायको अंबुबाई आजारी, तरी त्याच दुपारी मशीन उचललं. शेजारच्या दुकानदारांना सगळं ठाऊक होतं. एकानंही दामोदररावांना जाब विचारला नाही, उलट दत्तोजीरावांनाच शहाणपण शिकवलं, "धंद्यात थोडं चालतं हो." चालतं म्हणे! कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का? मी त्यांची जुनी गिऱ्हाईक, माझं तर डोकंच फिरलं होतं.

दत्तोजीरावांनी दुकानाच्या बरोबर समोर, रस्त्यापलीकडे मशीन मांडलं. काडेपेटी दामोदररावांना गल्ल्यावरून दिसेल अशी ठेवली. पहिले काही महिने फार वाईट गेले. दोघं नवराबायको नुसत्या सारभातावर राहिली, पण पायरीकडे परत गेली नाहीत.

गेल्या आठवड्यात मी ब्लाउज टाकायला गेले होते. तेवढ्यात दामोदररावांच्या बायको, सरस्वतीबाई, रस्ता ओलांडून आल्या. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलंय.

"घरच्याच दुकानातली साडी आहे," त्या हळूच म्हणाल्या. "हे म्हणतात, असल आहे. पण एक धागा जाळून बघा."

दत्तोजीरावांनी काडी ओढली. केसांचा वास आला, राख बोटांत चुरली.

"खरी आहे वहिनी. एकदम असल."

सरस्वतीबाई त्यांच्या बोटांवरच्या राखेकडे बघत राहिल्या. डोळे भरून आले होते. त्यांनी त्याच साडीच्या पदराचं दुसरं टोक पुढे केलं.

"इथला पण एक जाळा."