टोकावर न टिकणारी गोळी

मिस्त्री स्टुलावर बसले ते बसलेच. पायांत शिसं ओतल्यासारखं झालं होतं. कॉलेजच्या कार्यशाळेत बत्तीस वर्षं लाकूड कातलं. यंदा हात थरथरतो म्हणून दोन कामं परत आली. हे तिसरंही आलं, तर कातयंत्र भंगारात आणि मिस्त्री घरी.

काम म्हणजे एक लाकडी थाळी. मधोमध गोल उंचवटा, भोवती चर. पदार्थविज्ञानाच्या बाईंनी उंचवट्याच्या टोकावर गोळी ठेवली. गोळी ढिम्म.

"मिस्त्री, ही पडत का नाही?"

"पडेल कशी? टोकावर बारीक खळगी केलीय."

बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, ती पडायलाच हवी."

"पडणारी वस्तू आजवर केली नाही, बाई. हाताला सवय नाही."

बाई टेबलाला टेकल्या. उद्या वर्गात सांगायचं ते आज मिस्त्रींच्या वाट्याला आलं. "टोकावर सगळ्या दिशा सारख्या. पण तिथे टिकता येत नाही. गोळी कुठल्यातरी एका बाजूला घरंगळते आणि तो सारखेपणा मोडतो. विश्व फार तापलेलं होतं तोवर सारखेपणा होता. निवलं, तसं ते चरात उतरलं. तेव्हापासून एक क्षेत्र सगळीकडे भरून आहे. इलेक्ट्रॉनसारखे मूलकण त्यात गुंततात. जो जेवढा गुंततो, तेवढं त्याचं वस्तुमान."

"आणि न गुंतणारा?"

"प्रकाशाचा कण. वस्तुमान शून्य. सुसाट सुटतो."

"म्हणजे आमचे मेव्हणे. त्यांच्या तीन बहिणींची लग्नं झाली, एकातही कामाला हाती लागले नाहीत."

बाई हसत गेल्या. मिस्त्रींनी यंत्र टाळलं. थरथरत्या हाताने पटाशी निसटली, तर थाळीच जायची. काचकागदाने खळगी घासून काढली. गोळी ठेवली, खिडकीकडे पडली. पुन्हा खिडकीकडे. थाळी अर्धी फिरवली, तर दाराकडे. म्हणजे खोट टेबलात नव्हती, हाताने घासलेल्या टोकात होती.

"झालं का हो?" बायकोने फोनवर विचारलं. "आवाज का असा पडलाय?"

"पडायलाच हवा म्हणतात," मिस्त्री म्हणाले आणि फोन ठेवला.

दुसरा इलाज नव्हता. त्यांनी थाळी यंत्रावर चढवली, कोपरं बरगड्यांना घट्ट लावली, श्वास धरला. टोकावरून केसाएवढी साल निघाली. मान आखडली, घाम डोळ्यांत उतरला, पण पटाशी हलली नाही.

मग वीस वेळा गोळी ठेवली. पडेल तिथे चरात खडूची खूण. विसाव्या खेपेला खुणा चहूबाजूंनी झाल्या होत्या.

बाई परत आल्या. गोळी उचलून म्हणाल्या, "आता कुठे पडणार?"

"ते मला माहीत असतं, तर काम परत आलं असतं."

गोळी क्षणभर थबकली आणि कपाटाच्या बाजूला घरंगळली. बाई थाळी काखेत मारून निघाल्या. दारातून म्हणाल्या, "अशी आणखी एक लागेल. सोमवारी."

मिस्त्री मान डोलावून स्टुलावर टेकले. थोड्या वेळाने गुडघ्यांवर हात टेकून उठले आणि यंत्राला तेल घातलं.