झोपलेल्या तांडेलाचं रीळ

मी शिकलो दुसरीपर्यंत, पण तुटलेली फिल्म जोडण्यात माझा हात धरणारा अख्ख्या किनाऱ्यावर कोणी नव्हता. स्वातंत्र्यानंतरची ती वर्षं. मी तंबूच्या सिनेमात मशीन चालवायचो. मुख्य खेळाआधी सरकारी माहितीपट लावावा लागे. अशाच एकात माझा बाप निघाला.

बाप तांडेल, म्हणजे होडीवरचा मुख्य. पडद्यावर तो भर दुपारी वाळूत जाळ्यावर झोपलेला, आणि वरून आवाज, की हे लोक दिवस आळसात घालवतात. आमच्या गावात, रेवदंड्यात, लोक हसले. दुसऱ्या दिवसापासून बाप किनाऱ्यावर बसायला जाईना.

आमचा धंदा भरती-ओहोटीवर चालतो, सूर्यावर नाही. रात्रीच्या पाण्याला गेलेला माणूस दुपारी झोपणारच. हे मुंबईच्या फिल्म कापणाऱ्याला कोण सांगणार? त्याच रिळात पुढे बापाची होडी भरल्या टोपल्यांनिशी किनाऱ्याला लागत होती. मी ब्लेड घेतलं. होडी आधी जोडली, झोप नंतर.

संध्याकाळी फिल्मचा आवाज बंद केला आणि जाहिरातीचा माईक धरून मीच बोललो. "बघा, आधी मासळी आली, मग तांडेल झोपला. आता सांगा, आळशी कोण?"

"व्हय, व्हय!" लोक ओरडले.

तंबूचा मालक धावत आला. "सरकारी माल कापतोस? हाकलीन!"

"हाकला शेठ. मशीन तुम्हीच फिरवा."

तेवढ्यात मागच्या कनातीजवळून बापाचा आवाज आला. तो आलाय हे मला ठाऊकच नव्हतं.

"ती मासळी त्या दिसाची न्हाय. त्या दिसाला जाळ्यात काय पण आला नव्हता. रिकामा आलेला मानूस दमत न्हाय काय?"

मग एक म्हातारी कोळीण म्हणाली, "दमतो रे बाबा, जास्तीच दमतो."

मला राग आला. त्याच्यासाठी मी नोकरी पणाला लावली आणि चारचौघांत त्याने मलाच खोटं पाडलं. पण तंबू पुढच्या गावी, चौलला, हलला तेव्हा खेळाआधी टोपल्यांचा तुकडा मीच काढला. नुसती झोप ठेवली.

बाप बैलगाडीत मशीनशेजारी बसून चौलला आला. झोपेचं चित्र लागलं, तसा त्याने माझ्या हातातून माईक घेतला.