आमच्या बूथवरची अकरा मतं

मित्रांनो, सकाळपासून डोकं फिरलंय.

आई आज कापूस वेचायला गेली आणि तासाभरात परत आली. शेतमालकाचा भाऊ निवडणुकीत पडला. मालकानं बूथवार मतांचा कागद दाखवून आमच्या भीमनगरच्या सगळ्या बायांना बांधावरूनच हाकललं. "तुमच्या बूथवर आमाले अकराच मतं. ज्याले देलं त्याच्याच वावरात जा."

आई म्हणाली, "पयले शिक्क्याच्या चिठ्ठ्या साऱ्या बूथच्या मिसळून मोजत. कोन्या मोहल्ल्यानं कोनाले देलं, समजत नव्हतं. आता मशीन मोहल्ला सांगते."

मग कापूस वेचायला कमरेला बांधलेली रिकामी ओटी सोडताना हळूच बोलली, "त्या अकरात एक माह्यं होतं."

मशीन की कागद, यावर तुम्ही इथं रोज भांडता. माझ्या आईनं आपलं मत मालकाला कसं दाखवायचं, तेवढं सांगा.