शिफेराव देस्ताची दोन वयं

अमेरिकेत सिल्व्हर स्प्रिंगमधल्या ज्या पार्किंगच्या इमारतीत शिफेराव देस्ता मुकादम आहे, तिथेच मी हिशेबनीस आहे. आम्ही दोघंही इथिओपियातल्या गोजामचे. पाच मजले, चारशे दहा गाड्या. मालक आला की त्याची गाडी शिफेराव खाली आणून देतो, आणि त्याच्या बावीस वर्षांत एकाही गाडीला ओरखडा पडलेला नाही. बोलणं मोजकं. लग्न त्याने उशिरा केलं, तेही चर्चमधल्या बायका हात धुऊन मागे लागल्या म्हणून.

बायको वुबालेम. नर्सिंग शिकायला आली होती. अडतीस वर्षांची, स्पष्ट बोलणारी. तिकडे गोजाममध्ये, देब्रे मार्कोसला तिची आई एकटी असते. आईच्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, अजून वर्षभर माणसं ओळखू येतील, पुढचं काही सांगता येत नाही. पाच वर्षांत वुबालेमने आईला पाहिलेलं नव्हतं. ग्रीन कार्ड हातात नसताना देशाबाहेर पाऊल टाकलं असतं तर परत यायची खात्री नव्हती. त्यामुळे बाल्टिमोरच्या इमिग्रेशन कचेरीतून मुलाखतीचं पत्र आलं, तेव्हा तिने पहिल्यांदा आईला फोन केला आणि मग नवऱ्याला.

नवरा-बायकोंनी बरोबर जायचं, शपथ घ्यायची, आणि लग्न खरं आहे हे अधिकाऱ्याला पटवून द्यायचं. लग्न खरं होतं. पटवून देणं हा वेगळा विषय. शिफेरावचा स्वभाव पाहता तयारी करावी असं मला वाटलं. फेब्रुवारीपासून दर रविवारी चर्च सुटलं की दोघं माझ्या घरी येत. वुबालेम कॉफीचे दाणे भाजायला बसे आणि मी अधिकारी होई.

"पलंगावर कोण कुठल्या बाजूला झोपतं?"

"मी भिंतीकडे," वुबालेम म्हणाली.

"शिफेराव, तू?"

"उरलेल्या बाजूला."

"स्वयंपाकघरातल्या पडद्यांचा रंग?"

शिफेराव विचारात पडला. "पडदे आहेत?"

"दोन वर्षं झाली लावून!" वुबालेम भाजणं सोडून उठली. "गाशे, तुम्हीच बघा. चारशे गाड्यांचे रंग तोंडपाठ, आणि घरचे पडदे दिसत नाहीत ह्याला."

गाशे म्हणजे वयाने मोठ्या माणसाला मानाने मारायची हाक. मी चौसष्टचा असल्यामुळे मला सगळे गाशेच म्हणतात.

"पडदे न्यायला कुणी येत नाही," शिफेराव म्हणाला.

मार्चमध्ये आमचा मोठा उपास सुरू झाला. पंचावन्न दिवस मांस, दूध, अंडी बंद. त्यातून एक नवीनच अडचण उभी राहिली.

"काल रात्री काय जेवलात?"

"शिरो," दोघं एकदम म्हणाले. हरभऱ्याच्या पिठाचा, पिठल्यासारखा, इंजेरा नावाच्या आंबवलेल्या धिरड्याबरोबर खातात तो.

"परवा?"

"शिरो."

"मागच्या गुरुवारी?"

"शिरो."

"पाठ करून आलेत, असं वाटेल त्यांना," मी म्हणालो.

"मग सरकारसाठी कोंबडी कापू का?" वुबालेमने विचारलं.

कागदांचं काम मी माझ्याकडे घेतलं होतं. घराचा भाडेकरार, विजेची बिलं, दोघांच्या नावाचं बँकेचं खातं आणि फोटो. फोटो शिफेरावने व्यवस्थित आणून दिले होते, प्रत्येकाच्या मागे तारीख. फक्त तारखा आमच्या पंचांगाच्या होत्या. आमचं वर्ष इथल्यापेक्षा सात-आठ वर्षं मागे असतं आणि सुरू होतं सप्टेंबरात. बाल्टिमोरच्या अधिकाऱ्याला लग्नाचा फोटो २०१४ सालचा दिसला असता आणि सर्टिफिकेट २०२२चं. मी एकेक तारीख बदलून लिहायला घेतली.

बाविसावा फोटो केकचा होता. शिफेराव गळ्याला घट्ट बसलेल्या कोटात, शेजारी वुबालेम, पुढे केक. केकवर साखरेचे आकडे: ५३. मागे तारीख, मेस्केरेम महिन्याची पाच. म्हणजे गेल्या वर्षीचा सोळा सप्टेंबर.

मी अर्ज उघडून पाहिला. अर्जात शिफेरावची जन्मतारीख पाच जानेवारी १९६३ होती. त्या हिशेबाने केक कापताना त्याची साठ वर्षं पूर्ण झाली होती.

"हे काय आहे?" मी विचारलं.

शिफेरावने कप खाली ठेवला. निर्वासितांच्या छावणीत त्याने फॉर्म स्वतः भरला होता. जन्म मेस्केरेमच्या पाच तारखेचा, साल आमचं १९६३. मेस्केरेम हा पहिला महिना, म्हणून त्याने ५-१-१९६३ असं लिहिलं. वाचणाऱ्याने ते पाच जानेवारी वाचलं. इथे उतरला तेव्हा तो खरा तीस वर्षांचाही नव्हता, कागदावर सदतीसचा होता. गाडीचा परवाना काढताना त्याच्या लक्षात आलं. पण तेव्हा रांग मोठी होती आणि मागची माणसं कुरकुरत होती.

"नंतर का नाही दुरुस्त केलंस?"

"नंतर नागरिकत्वाचा कागदही तसाच झाला. आणि जानेवारीत मला बासष्ट होतात."

मी हिशेबनीस आहे. मला लगेच कळलं. बासष्टाव्या वर्षी पेन्शन मागता येते. शिफेरावचे गुडघे रोज पाच मजले चढून-उतरून गेलेले आहेत. खऱ्या वयाने त्याला अजून आठ वर्षं चढायचं होतं. कागदाने नऊ महिने.

"फोटो काढून टाका, गाशे," तो म्हणाला. "आणि वुबे, त्यांनी वय विचारलं तर एकसष्ट सांग. कागदावर तेच आहे."

"शपथ घेऊन?"

"कागदावर आहे ते सांगणं म्हणजे खोटं नाही."

"मी त्रेपन्न वर्षांच्या माणसाशी लग्न केलंय. केक मी आणला. आकडे मी लावले."

"आईला भेटायचंय ना तुला?"

कॉफीचा तिसरा कप तिने त्याच्यासमोर दोन्ही हातांनी धरला आणि डोकं खाली झुकवलं.

"घ्या, गाशे," ती नवऱ्याला म्हणाली. "एकसष्टीच्या माणसाला नाव घेऊन कशी हाक मारू? पाठीला उशी देऊ का?"

त्यानंतर मुलाखतीपर्यंत ती त्याला गाशेच म्हणत होती. फोनवर, चर्चमध्ये, चारचौघांत. बायका हसत. शिफेराव कपाची दांडी पाहत बसे.

मी दोघांना माझं मत सांगितलं: फाइलमध्ये केक आणि अर्ज दोन्ही राहू शकत नाहीत, काय ठेवायचं ते तुम्ही ठरवा. त्यांनी काही ठरवलं नाही. मुलाखतीच्या सकाळी बाल्टिमोरला पोहोचल्यावर शिफेरावने गाडीतच फाइल उघडली, बाविसावा फोटो काढला आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. वुबालेमने ते पाहिलं आणि खिडकीबाहेर बघू लागली.

मी बाहेर बाकावर बसलो. सव्वा तास लागला. दोघं बाहेर आले तेव्हा चेहऱ्यांवरून काही कळत नव्हतं. परतीच्या वाटेवर शिफेराव गाडी चालवत होता आणि वुबालेम मागे वळून मला सांगत होती.

अधिकारी बाई होत्या, पन्नाशीच्या. दोघांची आडनावं वेगळी का, हे त्यांनी विचारलं. आमच्यात प्रत्येकाच्या नावापुढे त्याच्या बापाचं नाव लागतं, बायको नवऱ्याचं लावत नाही, हे वुबालेमने सांगितलं. बाईंनी लिहून घेतलं. काल काय जेवलात, हेही विचारलं.

"मग?" मी म्हणालो.

"शिरो. त्या म्हणाल्या, या महिन्यात माझ्याकडे आलेल्या सगळ्या इथिओपियन जोडप्यांनी शिरोच खाल्लाय."

"आणि पडदे?"

"पडदे कुणी विचारलेच नाहीत." तिने शिफेरावकडे पाहिलं. "मग म्हणाल्या, नवऱ्याची जन्मतारीख सांगा."

"तू काय सांगितलंस?"

"तोंड उघडलं. आईचा चेहरा समोर आला. उजवा हात वर करून घेतलेली शपथ आठवली. तोंड मिटलं. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. बाईंनी पेन खाली ठेवलं, गाशे. मला वाटलं, संपलं आपलं."

गाडी सिग्नलला थांबली होती. शिफेराव समोर पाहत होता.

"तेव्हा ह्याने खिशातून फोटो काढून टेबलावर ठेवला," वुबालेम म्हणाली. "म्हणाला, बाई, तिला येतं उत्तर. कागद चुकीचा आहे. मी सात वर्षं आठ महिन्यांनी लहान आहे."

बाईंनी चष्मा काढून फोटो जवळ धरला होता. मग शिफेरावने त्यांना आमचं पंचांग समजावून सांगितलं. तेरा महिने, शेवटचा पाच-सहा दिवसांचा. वुबालेम म्हणाली, दोन वर्षांत तो तिच्याशी एका दमात एवढं बोललेला नव्हता. बाप्तिस्म्याचा दाखलाही त्याने काढून दाखवला. तो कधी बरोबर घेतला होता, हे ना तिला माहीत होतं ना मला.

"बाईंनी विचारलं, इतकी वर्षं का नाही सांगितलंत? हा म्हणाला, जानेवारीत पेन्शन मिळाली असती."

"असं म्हणाला?"

"शपथ घेतली होती," शिफेराव म्हणाला.

"मग त्यांनी विचारलं, आजच का सांगताय?"

वुबालेम पुढे वळून बसली. मी वाट पाहिली. शेवटी शिफेरावनेच सांगितलं, तेही आरशात गाड्या बघत.

"म्हटलं, तिला माझं वय चुकीचं सांगता येत नाही. मी घरी सांगून पाहिलं. नाही जमत तिला."

बाईंनी म्हणे तारखेच्या दुरुस्तीसाठी वेगळा अर्ज करायला सांगितलं. ते काम त्यांच्या टेबलाचं नव्हतं. त्यांच्या टेबलाचं काम हे दोघं नवरा-बायको आहेत की नाहीत एवढं पाहायचं होतं, आणि त्याविषयी त्यांना आणखी काही विचारायचं नव्हतं. फोटो मात्र त्यांनी फाइलला लावून ठेवला.

"भूक लागली का, शिफे?" वुबालेमने विचारलं. बऱ्याच आठवड्यांनी तिने त्याला नावाने हाक मारली होती.

"शिरो आहे ना घरी?"

"दुसरं काय असणार?"

सात आठवड्यांनी कार्ड आलं. त्याच दिवशी वुबालेमने तिकीट काढलं. आईने फोनवर सांगितलं, पिवळा झगा घालून ये, पिवळा अजून दिसतो. वुबालेमकडे पिवळा झगा नव्हता. शिफेराव संध्याकाळी घेऊन आला. दोन मापं मोठा होता, पण पिवळा होता.

जूनमध्ये विमानतळावर तिला सोडून तो तडक कामावर आला. मी खिडकीतून पाहत होतो. तिसऱ्या मजल्यावरची निळी गाडी खाली आणायची सूचना आली तसा तो जिन्याकडे गेला, कठडा धरून, एकेक पायरी. दुरुस्तीचा अर्ज आम्ही आदल्या आठवड्यातच पाठवला होता. अजून आठ वर्षं तीन महिने.