तारा चढवायची भीती

भाऊजी गेले त्या सकाळी मी आधी घाबरले ती गिटारला बघून. लिहायला लाज वाटते, पण खोटं कशाला सांगू? वैशाखातली सकाळ, चहा दोनदा गरम करून झाला, हाका मारून झाल्या, तेव्हा मी तणतणत मागच्या पडवीत गेले. ते कामाच्या टेबलापाशी बसले होते, भिंतीला डोकं टेकून, चष्मा नाकावर. समोर फडक्यावर गिटार आडवी ठेवलेली. पॉलिश झालेलं, खुंट्या बसवलेल्या, नुसत्या तारा तेवढ्या नव्हत्या. 'झाली वाटतं पुरी, आता तारा मलाच चढवाव्या लागणार...' हे आधी मनात आलं, आणि मग कळलं की समोरचा माणूस श्वास घेत नाहीये.

सुधाकरभाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. खोपोलीच्या एका कारखान्यात लोखंडी ओतकामासाठी लाकडाचे साचे करायचे. कारखाना बंद पडला आणि हा गृहस्थ पन्नाशीत गिटारी करायला लागला. लग्न केलं नव्हतं, त्यामुळे 'नको' म्हणणारं कोणी नव्हतं. आमचे हे गेल्यावर भिसेगावच्या घरात आम्ही दोघंच. मी खालापूरच्या सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळून निवृत्त झालेली बाई, माझा आवाज मोठा. त्यांचा जवळजवळ नाहीच. वर्षाला दोन, फार तर तीन गिटारी व्हायच्या. एकदा पुरी झालेली एक गिटार त्यांनी कानाशी धरून टकटक केली आणि आवाज बद्द येतो म्हणून मागची फळी काढून टाकली. चार महिन्यांचं काम! मी म्हटलं, "अहो, कोणाला कळणार आहे?" तर म्हणाले, "वहिनी, आमटी बिघडली तर तुम्ही पाहुण्यांना सांगता का?" म्हटलं, "छे! लोणचं वाढते." त्यावर शांतपणे म्हणाले, "माझ्याकडे लोणचं नाही हो." असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

गिऱ्हाईक आलं की आधी म्हणत, "बोटं दाखवा." बोटांची टोकं बघायची, मग तारांचं बोलायचं. कॉलेजात शिकवणाऱ्या एक बाई नायलॉनच्या तारांशिवाय हात लावायच्या नाहीत. बँकेतले एक गृहस्थ सगळ्यांत बारीक तारा मागत आणि वर आवाज बारीक येतो म्हणून कुरकुरत. आणि काळूरामला हवा असे तेराचा सेट. पहिली तार जितकी जाड तितका सेटचा आकडा मोठा, हे मला भाऊजींनीच शिकवलं. तेराचा म्हणजे चांगल्याच जाड तारा. काळूराम कशेळ्याच्या वरच्या वाडीतला, आश्रमशाळेत गिटार शिकलेला, फार्महाऊसवर पाहुण्यांपुढे उघड्यावर गाणारा. "बारीक तार माज्या हाताखाली मरते, ताई," असं म्हणायचा.

पुढे जे झालं त्यात माझा वाटा आहे. काळूरामची पहिली गिटार तयार झाली, आणि भाऊजी म्हणाले की एक पावसाळा तारा ताणून घरातच टांगून ठेवू. आपल्याकडची ओल लाकडात शिरते, सरसाचा जोड मऊ पडतो, तेव्हा काय होतं ते बघू, मग देऊ. काळूराम हिरमुसला, कारण पावसाळा हाच त्याचा कमाईचा हंगाम. मीच मध्ये पडले. "देऊन टाका हो, किती छळाल गरिबाला?" माझ्या आवाजापुढे त्यांचं काय चालणार... दिली. श्रावणात एका दुपारी गाणं रंगात आलेलं असताना, जिथे तारा अडकवतात ती खालची पट्टी मुळासकट उखडली आणि काळूरामच्या भुवईवर बसली. टाके पडले. बोटभर खाली लागलं असतं तर डोळाच गेला असता.

तो स्वतः आला, मोडकी गिटार गोणपाटात गुंडाळून. राग नाही, काही नाही. "भाऊ, येवडी नीट करून द्या." भाऊजींनी त्याच्या कपाळाकडे पाहिलं आणि गोणपाट सोडायला घेतलं. गिटार दुरुस्त करून दिली, पण बारीक तारा लावून, आणि जाड लावणार नाहीस अशी शपथ घालून. मला ते एका शब्दानंही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून नव्या गिटारीची खुंटी पिळायला घेतली की ते अर्ध्यावरच हात काढून घ्यायचे. सहा तारा मिळून एक धष्टपुष्ट माणूस लोंबकळावा एवढी ओढ त्या पातळ फळीवर येते. ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही चढवा. शिक्के मारून मारून तुमचे हात घट्ट झालेत." आणि स्वतः अंगणात जाऊन पाठमोरे उभे राहिले. मी काय कमी घाबरत होते? तोंड बाजूला फिरवून, रामनाम घेत पिळायचे. पण घाबरले हे त्यांना कळू द्यायचं नाही, असं मी ठरवूनच टाकलं होतं.

ही शेवटची गिटारसुद्धा काळूरामचीच. खास तेराच्या सेटसाठी, त्यानं न मागता करायला घेतलेली. चार वर्षं चालली होती. आतल्या आधारपट्ट्या लावायच्या, काढायच्या, तासायच्या, पुन्हा लावायच्या. मी चिडवायचे, "भाऊजी, काळूच्या नातवाला द्यायची का?" ते हसायचे आणि पुन्हा पट्टी तासायला घ्यायचे. ते घाबरत होते, दुसरं काय!

तेराव्याला काळूराम आला. जेवला, पानं उचलायला लागला, आणि निघताना म्हणाला, "ताई, भाऊ माज्यासाठी करत व्हते. मला ठावं हाय. कुठवर आली?" गिटार आतल्या खोलीत कपाटात, पांढऱ्या चादरीत. मी म्हटलं, "अर्धवटच राहिली रे." धादांत खोटं! पण मी करणार काय? तारा ताणल्या आणि फळी फाटली तर त्यांचं शेवटचं काम म्हणून फाटकी फळी उरणार. टिकली आणि नंतर त्याच्या तोंडावर उडाली तर? आता दुरुस्त करणारा माणूसही नाही. चादरीत होती तोवर ती चांगली होती. मी कुलूप लावलं. मग त्या खोलीत जायचीही भीती वाटायला लागली. दुपारची झोप उडाली. चार वर्षं त्या माणसानं जिवाचं रान केलं ते काय मी कपाटात कोंडून ठेवावं म्हणून? स्वतःलाच शिव्या घातल्या आणि मृगाच्या आधी दोन दिवस काळूरामला फोन केला.

सकाळच्या जीपनं आला. गिटार बघून नुसता तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. मी म्हटलं, "बाहेर जाऊन थांब."

"नाय जानार. ती माजी हाय, मी हतंच बसनार."

त्याच्या भुवईवरचा तो व्रण... भिंतीवरच्या खुंटीला भाऊजींचं स्कूटरचं हेल्मेट लटकत होतं, ते काढून त्याच्या डोक्यात घातलं. "आवो ताई, ह्ये काय?" "गप बस. काच खाली कर." कोणी बघितलं असतं तर वेड्यात काढलं असतं आम्हाला. एक माणूस हेल्मेट घालून गिटार मांडीवर धरून बसलेला आणि एक म्हातारी समोर बसून खुंट्या पिळतेय! जाड तारेपासून सुरुवात केली. चौथ्या तारेला आतून 'टुक' असा आवाज आला. माझा हात जागच्या जागी थांबला. काळूराम काचेआडून माझ्याकडे बघत होता, त्याच्या कपाळावर घामाचे थेंब. "वडा ताई," तो हळूच म्हणाला, "वडा." मी ओढली. सहाही चढल्या. मोजायची पट्टी आडवी धरून फळी कुठे फुगलीय का ते पाहिलं. सपाट. त्यानं हेल्मेट काढलं आणि अख्खा हात फिरवला, आणि मला वाटलं की पडवीचे पत्रे वाजले. तो रडत होता. मी सुद्धा.

"न्हेऊ?"

"नाही. हा पावसाळा इथेच काढायचा. दिवाळीनंतर ने." एकदा घाई केली होती, आता जन्मात करणार नाही. त्यानं गिटार उचलून भिंतीवर टांगली.

तेव्हापासून दर सोमवारी, फार्महाऊसवर सुट्टी असते तेव्हा, काळूराम येतो. भिंतीवरची गिटार काढून अर्धा तास वाजवतो, टांगतो, चहा पितो आणि रिकाम्या हातानं जीप पकडतो. रोज सकाळी मी पट्टी धरून फळी बघते. आषाढातली झड गेली, भिंतींना ओल आली, पापड सादळले, डब्यातलं मीठ पाणी झालं, फळीला काही झालं नाही. देव पाण्यात घालून बसले होते की तिला काही होऊ नये. आणि आता श्रावण अर्धा सरलाय, तर मला भलतीच भीती ग्रासतेय. ती टिकणार. दिवाळी येणार. काळूराम ती खांद्याला लावून जाणार, आणि मग त्या पडवीत रंधे आणि भुसा याशिवाय काय राहील? पट्टी धरून फळी पारखता येते ती मला एकटीला. थोडी फुगलीय म्हटलं तर काळू दुसरं काही विचारणार नाही. पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबेल, त्याच्या पुढच्याही.

गेल्या सोमवारी त्यानं विचारलं, "ताई, आज कशी हाय?" मी पट्टी धरली, खाली वाकून उजेडाकडे पाहिलं. शब्द अगदी जिभेवर आले होते... थोडी फुगल्यासारखी वाटते रे.

"सपाट आहे," मी म्हटलं, आणि छातीत धस्स झालं.